कमी पैशात गाडीत सबवूफर बसवताना या चुका टाळा

बेळगाव, निपाणी, चिकोडी, कुठल्याही गावातल्या कार ॲक्सेसरीजच्या दुकानात वूफर घ्यायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अण्णा, किती वॅटचा?" खोक्यावर ठळक अक्षरांत १,२०० छापलेलं असतं, तेवढ्यावर सौदा होतो. वायर घरात उरलेली, बॉक्स दुकानात तयार होता तो, आणि अर्थची, म्हणजे मायनसची वायर डिकीत पहिल्यांदा दिसलेल्या स्क्रूला. थोड्याच दिवसांत बेस नुसता घुमायला लागतो, ठेक्यासरशी हेडलाइट मंदावतात, आणि एके दिवशी वूफरमधून जळका वास येतो. दोष वूफरच्या माथी मारला जातो. पण यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ वायर, अर्थ, बॉक्स आणि गेन (अँप्लिफायर स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवणारी खुंटी) या चार ठिकाणी असतं, आणि ते साध्या मल्टिमीटरने शोधता येतं.

वॅटचा आकडा वाचण्यातली चूक

खोक्यावरचा मोठा आकडा पीक किंवा मॅक्स पॉवरचा असतो. उपयोगाचा आकडा आरएमएस, म्हणजे वूफर किंवा अँप्लिफायर सतत पेलू शकतो तेवढी पॉवर. १,२०० वॅट छापलेल्या १२ इंची वूफरची आरएमएस २५० ते ३५० वॅट निघणं अगदी नेहमीचं आहे. दोन वस्तू एकमेकींशी जुळवताना फक्त आरएमएस बघा.

अँप्लिफायरच्या दाव्याची पडताळणी त्याच्या फ्यूजवरून करा. ३० अँपिअरचा फ्यूज असेल तर ३० गुणिले १३.८ व्होल्ट, म्हणजे साधारण ४१४ वॅट वीज आत जाऊ शकते. क्लास डी अँप्लिफायर त्यातला पाऊण भाग आवाजासाठी बाहेर काढतो, म्हणजे ३१० वॅटच्या आसपास. जुन्या पद्धतीचा क्लास एबी असेल तर निम्म्याहून थोडी जास्त, बाकीची नुसती उष्णता. त्यामुळे ३० अँपिअरचा फ्यूज आणि वर "३,००० वॅट" असं दिसलं की तो आकडा सोडून द्या. एकट्या वूफरसाठी क्लास डी मोनोब्लॉकच (एकाच चॅनेलचा अँप्लिफायर) घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. लहान गाडीत वीज आधीच मोजकी असते, ती तापवण्यात घालवू नये.

आणखी एक हिशोब खरेदीआधी डोक्यात असू द्या. २५० वॅटऐवजी ५०० वॅट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो "थोडा जास्त" वाटतो, दुप्पट नाही. तेवढ्यासाठी मात्र अँप्लिफायर, वायर, फ्यूज सगळंच मोठं घ्यावं लागतं. बॉक्स योग्य मापाचा केला तर याहून मोठा फरक कमी पैशात मिळतो. समजा एकूण १५ हजार खर्चायचे आहेत, तर वूफर आणि अँप्लिफायर मिळून १० हजारांच्या आत बसवा आणि उरलेले पाच वायरिंग, फ्यूज, बॉक्स आणि पत्र्याची थरथर दाबणाऱ्या डॅम्पिंग शीटसाठी बाजूला काढून ठेवा. ते आधी काढा. शेवटी काढायला गेलं तर उरत नाहीत.

मिरवणुकीच्या डीजेचा १५ इंची बेस स्वस्तात मिळाला म्हणून गाडीत घालणारेही आपल्याकडे बरेच आहेत. तो स्पीकर उघड्या जागेसाठी बनलेला असतो. बहुधा ८ ओहमचा असतो, त्यामुळे कारच्या अँप्लिफायरमधून त्याला ४ ओहमच्या निम्मीच पॉवर मिळते, आणि त्याचा खालचा स्वर ४० हर्ट्झच्या आसपासच संपतो. गाडीत तो छातीवर आदळतो, पण खोल जात नाही.

गाडीत वीज किती आहे हे न बघणं

लहान पेट्रोल हॅचबॅकमध्ये साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी आणि ६० ते ८० अँपिअरचा अल्टरनेटर असतो. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने वीज देत नाही, बऱ्याचदा निम्मीच देतो. रात्री गोगटे सर्कलच्या सिग्नलला उभे आहात असं धरा: हेडलाइट आणि टेललाइट मिळून १० ते १२ अँपिअर, एसीचा ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखा मिळून आणखी २० च्या आसपास. उरलेल्यात ३०० वॅटचा अँप्लिफायर जोरात वाजवला तर त्यालाच २९ अँपिअर लागतात. गाण्यात बेस सतत नसतो म्हणून निभावतं, पण ५०० वॅट केले की ते निभावत नाही. अल्टरनेटर न बदलता लहान गाडीत ३०० ते ३५० वॅट आरएमएसच्या पुढे जाऊ नये.

हेडलाइट मंदावतात म्हणून एक फॅरडचा कपॅसिटर विकला जातो. त्याचं गणित मांडून बघा. १४ व्होल्टवरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना तो २६ ज्यूल ऊर्जा देतो. ४०० वॅट खाणाऱ्या अँप्लिफायरला ती सेकंदाच्या पंधराव्या भागापुरती पुरते. वीज कमी पडत असेल तर कपॅसिटर ती तयार करू शकत नाही. उलट तो भरायलाही त्याच अल्टरनेटरची वीज लागते. तेच पैसे बॅटरीच्या जाड अर्थ वायरवर घाला. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीपर्यंत आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत कंपनीने दिलेली वायर बारीक असते. तिच्या जोडीला १६ स्क्वेअर एमएमची एकेक वायर घातली की बऱ्याच गाड्यांत दिव्यांचं मंदावणं लक्षात येण्याइतकं कमी होतं.

उसाच्या हंगामात चिकोडी, रायबाग, अथणी पट्ट्यात ट्रॅक्टरवर सिस्टीम लावण्याची हौस मोठी असते. तिथे अल्टरनेटर कारपेक्षाही लहान असतो, आणि बंद केबिन नसल्यामुळे कारमध्ये जो बेस आपोआप वाढतो तो मिळत नाही. कारचा सीलबंद बॉक्स ट्रॅक्टरवर म्हणूनच पोकळ वाटतो. ट्रॅक्टरसाठी पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर करणारा पाइप असलेला बॉक्स करा आणि गाडी बंद ठेवून तासन् तास वाजवू नका, नाहीतर सकाळी स्टार्टर फिरणार नाही.

वायर आणि फ्यूज

घरच्या वायरिंगची २.५ स्क्वेअर एमएमची वायर अँप्लिफायरला जोडणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर धरले तर या वायरचा रोध सुमारे ३४ मिलिओहम होतो. ३० अँपिअर करंटला एक व्होल्ट वायरीतच जातो, आणि वायर तापते ती वेगळीच. तेवढ्याच लांबीच्या १० स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरीत फक्त पाव व्होल्ट जातो. ३०० वॅटपर्यंत १० स्क्वेअर एमएम अस्सल तांबं पुरेसं आहे.

"अस्सल" हा शब्द इथे महत्त्वाचा. तयार वायरिंग किटमध्ये बहुधा सीसीए वायर येते: आत ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. तिची वहनक्षमता तांब्याच्या साठ-पासष्ट टक्केच असते, आणि जाड प्लास्टिकमुळे ती आहे त्यापेक्षा जाड दिसते. ओळखायची पद्धत सोपी आहे. टोकाच्या दोन-तीन तारा ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखी चकाकी दिसली तर ती सीसीए. वजनालाही हलकी लागते. सीसीएच घ्यायची असेल तर १० ऐवजी १६ स्क्वेअर एमएम घ्या. नाहीतर इलेक्ट्रिकलच्या दुकानातून मीटरवर मिळणारी, पॅनेलसाठी वापरतात ती मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर घ्या. किटपेक्षा ती जास्त भरवशाची असते.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो अँप्लिफायर वाचवण्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. अँप्लिफायरमध्ये स्वतःचा फ्यूज आहे म्हणून बॅटरीजवळचा टाळला, आणि फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर घासून वायरचं आवरण फाटलं, तर बॅटरीचा सगळा करंट त्या जागी उतरतो. आग लागते ती इथे. १० स्क्वेअर एमएम तांब्याला ४० किंवा ५० अँपिअरचा फ्यूज ठीक. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला आणि इंजिनच्या बाजूला कोरुगेटेड पाइपमधून न्या. काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढून ठेवायचा आणि शेवटी तोच जोडायचा.

वायरच्या टोकाला थिंबल (बोल्टखाली बसणारं धातूचं टोक) दाबून बसवा. पक्कडीने चेपलेली थिंबल ओढून बघितली की निघून येते. पॅनेल वायरिंग करणाऱ्याकडे क्रिम्पिंगचं मोठं टूल असतं. चार थिंबल दाबून घ्यायला पाच मिनिटं लागतात.

अर्थ: काम इथेच बिघडतं

प्लसची वायर जाड घेतात आणि अर्थला वीतभर बारीक तुकडा लावतात. करंट जेवढा आत जातो तेवढाच परत यावा लागतो, तेव्हा अर्थची वायर प्लसइतकीच जाड हवी आणि शक्यतो ४५ सेंटिमीटरच्या आत बॉडीला जोडलेली हवी.

जागा निवडताना डिकीचा पातळ पत्रा टाळा. बॉडीला वेल्ड केलेला जाड भाग शोधा. सीटबेल्टचा बोल्ट अजिबात वापरू नका. तो ठरावीक टॉर्कने आवळलेला असतो, त्यात थिंबल घुसवून सुरक्षेशी खेळण्यात अर्थ नाही. भोक पाडायचंच असेल तर आधी गाडीखाली वाकून बघा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते, आणि तिथे मारलेला सेल्फ स्क्रू थेट टाकीवर किंवा ब्रेकच्या पाइपवर जाऊ शकतो. सीएनजी गाडीत डिकीतला सिलिंडर, त्याचा ब्रॅकेट किंवा गॅसचा पाइप यांना अर्थ जोडायचा नाही आणि त्यांच्या अंगावरून वायरही न्यायची नाही.

आता खुद्द जोड. पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरने घासा. आधी रंग जातो, मग खालचा राखाडी प्रायमर दिसतो, आणि बरेच जण तिथेच थांबतात. प्रायमरमधूनही वीज नीट जात नाही. पत्रा आरशासारखा चकाकेपर्यंत घासा. त्यावर थेट थिंबल, थिंबलवर स्टार वॉशर, मग ८ एमएमचा बोल्ट आणि नट. आवळल्यावर थिंबल हाताने हलता कामा नये. मग वरून ग्रीस किंवा रंगाचा हात द्या. जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळा काढणाऱ्या गाडीत हा शेवटचा हात चुकवला तर उघड्या पत्र्यावर गंज चढतो आणि उन्हाळ्यात उत्तम वाजणारी सिस्टीम दिवाळीला कुरकुरायला लागते.

अर्थ चांगला आहे का हे मल्टिमीटरच्या ओहमवर बघू नका. मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम असतो, त्यापुढे अर्थचा दोष दिसतच नाही. त्याऐवजी मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक अँप्लिफायरच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरं बॉडीच्या दुसऱ्या एखाद्या घासलेल्या जागी, आणि जोरात बेस वाजवा. ०.१ व्होल्टच्या आत राहिलं तर उत्तम. अर्धा व्होल्ट दिसला तर जोड पुन्हा करा. हीच पद्धत प्लसच्या वायरीलाही लागू आहे: बॅटरीच्या प्लसपासून अँप्लिफायरच्या प्लसपर्यंत, वाजत असताना, अर्ध्या व्होल्टच्या आत.

ओहम जुळवणं

ड्युअल कॉइल वूफर घेताना थोडं थांबा. दोन ४ ओहमच्या कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम, एकामागे एक जोडल्या तर ८. दोन २ ओहमच्या कॉइल समांतर १, एकामागे एक ४. स्वस्त दोन किंवा चार चॅनेलचे अँप्लिफायर ब्रिज केल्यावर, म्हणजे दोन चॅनेल जोडून एक केल्यावर, बहुधा ४ ओहमच्या खाली चालत नाहीत. तिथे २ ओहम जोडले की ते तापतात आणि बंद पडतात. मॅन्युअलमध्ये ब्रिजसाठी लिहिलेला आकडा आधी वाचा, मग वूफर निवडा. जुना वूफर कोल्हापूर किंवा हुबळीहून आणणार असाल तर मीटर घेऊन जा: ४ ओहमची कॉइल ३.२ ते ३.७ दाखवते. शंकू चार बोटांनी सगळीकडून सारखा दाबा. आत खरखर जाणवली किंवा कॉइलला करपलेला वास आला तर परत या.

बॉक्स

कमी बजेटमध्ये सगळ्यात जास्त फायदा बॉक्स देतो, आणि हेळसांड सर्वाधिक त्याचीच होते. तयार मिळणारे बॉक्स बरेचदा १२ एमएम बोर्डाचे आणि "१२ इंची" एवढ्याच मापाचे असतात. पण दोन कंपन्यांच्या १२ इंची वूफरना लागणारी हवा अगदी वेगळी असू शकते. वूफरच्या कागदावर क्यूटीएस (शंकूची हालचाल किती आवरली जाते त्याचा आकडा) आणि व्हीएएस (शंकूइतकीच लवचिक असलेली हवा, लिटरमध्ये) हे दोन आकडे दिलेले असतात, त्यावरून सीलबंद बॉक्सचं माप काढता येतं. समजा क्यूटीएस ०.५ आणि व्हीएएस ३५ लिटर आहे. बॉक्ससह एकूण क्यू ०.७ च्या आसपास हवा असतो. ०.७०७ भागिले ०.५, त्याचा वर्ग २, त्यातून १ वजा केला की उरतो १. व्हीएएसला या १ ने भागलं की माप मिळतं ३५ लिटर. हाच वूफर १२ लिटरच्या खोक्यात कोंबला तर क्यू ०.९९ वर जातो; मग एकच स्वर घुमतो आणि ढोलकी, डग्गा, बेस गिटार सगळं सारखंच ऐकू येतं.

हे माप आतलं असतं. बाहेरून ५० × ३६ × २८ सेंटिमीटरचा बॉक्स ५० लिटरचा दिसतो, पण १८ एमएम बोर्ड वजा केल्यावर आत ४६.४ × ३२.४ × २४.४ उरतात, म्हणजे ३६.७ लिटर. त्यातून वूफरचा मॅग्नेट आणि आतली आधाराची पट्टी मिळून दोनेक लिटर जातात. ३५ च्या हिशोबाला हा बॉक्स बरोबर बसतो. सुताराला द्यायचे तुकडे असे: ५० × ३६ चे दोन (समोर आणि मागे), ५० × २४.४ चे दोन (वर आणि खाली), ३२.४ × २४.४ चे दोन (बाजू). ८ × ४ च्या शीटचा पाव भाग याला किंचित कमी पडतो. अर्धी शीट घ्या आणि उरलेल्यातून समोरचा भाग दुहेरी करा. वूफर ज्या फळीवर बसतो ती जितकी ताठ तितका बेस स्वच्छ. दुसरी फळी बाहेरून लावा म्हणजे आतलं माप बदलत नाही.

एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) आवाजाला चांगला, पण पाणी लागलं की पावासारखा फुगतो. खानापूर तालुक्यातल्या पावसात ओल्या छत्र्या आणि चपला डिकीत टाकणाऱ्यांनी आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय किंवा ओल सोसणारा एचडीएचएमआर बोर्ड वापरावा. खर्च वाढतो, पण दोन पावसाळ्यांनी बॉक्स पुन्हा करायची वेळ येत नाही. एमडीएफच वापरायचा असेल तर कापलेल्या कडांना फेव्हिकॉलचे दोन हात द्या. पाणी आधी कडांतूनच शिरतं.

जोडताना दोन्ही पृष्ठभागांना फेव्हिकॉल, ३ एमएमचं भोक पाडून १० ते १२ सेंटिमीटरवर एकेक स्क्रू. भोक न पाडता स्क्रू मारला तर एमडीएफ कडेला फाटतो. आतून सगळ्या सांध्यांना सिलिकॉन लावा आणि त्याचा आंबूस वास पूर्ण गेल्यावरच वूफर बसवा. आत ३०० ते ५०० ग्रॅम फायबर, म्हणजे उशीत भरतात तो कृत्रिम कापूस, सैलसर पसरा. साधा कापूस ओल धरतो, आणि ग्लासवूलचे तंतू कॉइलपर्यंत जाऊ शकतात, दोन्ही टाळा. हवा गळते का ते बघायला ३० हर्ट्झचा स्वर हळू वाजवून सांध्यांजवळ पेटती उदबत्ती फिरवा. धूर थरथरला तिथे फट आहे.

पोर्ट असलेला बॉक्स जास्त वाजतो हे खरं, पण त्यात चूक खपत नाही. ५० लिटर हवा, ३५ हर्ट्झ ट्यूनिंग (पोर्ट ज्या स्वराला सर्वात जास्त वाजतो तो) आणि आतून १० सेंटिमीटर व्यासाचा पाइप असेल तर पाइपची लांबी ३१ सेंटिमीटर येते. "दिसायला बरा" म्हणून १० सेंटिमीटरचा तुकडा लावला तर ट्यूनिंग ५० हर्ट्झच्या पुढे जातं आणि त्याच्या खालच्या स्वरांना वूफरचा शंकू मोकाट हलतो. अँप्लिफायरला अगदी खालचे स्वर अडवणारा सबसॉनिक फिल्टर असेल तर तो २८ हर्ट्झच्या आसपास ठेवा. नसेल तर पोर्टच्या वाटेला जाऊ नका. लहान हॅचबॅकच्या बंद केबिनमध्ये खालचे स्वर आपोआप उचलले जातात. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने सीलबंदच करावा, असा आमचा आग्रह आहे.

वूफरसह बॉक्सचं वजन १६ किलोच्या पुढे जातं. तो पट्ट्याने किंवा ब्रॅकेटने बांधा. चोर्ला घाटात करकचून ब्रेक लागला तर सुटा बॉक्स मागच्या सीटवरच्या माणसावर येतो.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे

गेन पूर्ण फिरवला की सिस्टीम "पूर्ण ताकदीने" वाजते, हा समज वूफर जाळतो. गेन फक्त स्टिरिओच्या सिग्नलशी अँप्लिफायर जुळवून घेतो. तो गरजेपेक्षा जास्त झाला की लहरीची टोकं कापली जातात, आणि पूर्ण कापलेली लहर स्वच्छ लहरीच्या दुप्पट पॉवर कॉइलमध्ये ओतते. २०० वॅटच्या अँप्लिफायरने ३०० वॅटचा वूफर जळतो तो असा.

वूफरच्या तारा काढून ठेवा. स्टिरिओचा इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, अँप्लिफायरचा बेस बूस्ट शून्यावर, लो-पास फिल्टर (वरचे स्वर अडवणारा) पूर्ण उघडा. ५० हर्ट्झचा, ० डेसिबलचा टोन पेनड्राइव्हवरून लावा. ब्लूटूथवर फोनच्या आवाजाची पातळी मध्ये येते. स्टिरिओचा आवाज पाऊण भागावर न्या, ४० पैकी ३०. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अँप्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलला लावा आणि गेन शून्यापासून हळूहळू वाढवा. किती व्होल्टवर थांबायचं? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. २५० वॅट, ४ ओहम म्हणजे ३१.६ व्होल्ट. २०० वॅट, ४ ओहम म्हणजे २८.३. ३०० वॅट, २ ओहम म्हणजे २४.५. इथे अँप्लिफायरवर छापलेले वॅट धरू नका. फ्यूजवरून काढलेले वॅट आणि वूफरची आरएमएस यांतला लहान आकडा धरा. आकडा आला की सगळं बंद करून वूफर जोडा, लो-पास ८० हर्ट्झवर आणा आणि स्टिरिओ ३० च्या पुढे नेऊ नका.

दरवाजातल्या स्पीकरना स्टिरिओमधूनच हाय-पास (खालचे स्वर अडवणारा फिल्टर) ८० ते १०० हर्ट्झवर लावा. याला एक पैसा लागत नाही. छोट्या स्पीकरवरचं ओझं उतरलं की ते मोठ्याने आणि स्वच्छ वाजतात, आणि वूफर वेगळा घुमल्यासारखा न वाटता गाण्यात मिसळतो. मग फेजचं, म्हणजे शंकूची दिशा उलटवणारं बटण ० आणि १८० वर टाकून ड्रायव्हरच्या सीटवरून ऐका. जिथे बेस भरीव लागतो तिथे ठेवा.

सिग्नल आणि रिमोट वायर

कंपनीच्या स्टिरिओला बहुधा आरसीए, म्हणजे अँप्लिफायरला सिग्नल देणारं आउटपुट नसतं. अँप्लिफायरला हाय-लेव्हल इनपुट असेल तर मागच्या स्पीकरच्या तारा तिथे घ्या, नसेल तर स्पीकरचा सिग्नल आरसीएत बदलणारा हाय-लो कन्व्हर्टर लावा. मूळ तारा कापण्याऐवजी त्या गाडीसाठी मिळणारा कपलर घ्या म्हणजे वॉरंटीचा वाद उभा राहत नाही. आरसीए गाडीच्या एका बाजूने आणि बॅटरीची वायर दुसऱ्या बाजूने न्या.

रिमोटची, म्हणजे अँप्लिफायर चालू-बंद करणारी बारीक वायर थेट बॅटरीच्या प्लसला जोडली तर अँप्लिफायर कधीच बंद होत नाही. ती आफ्टरमार्केट स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या तारेला, किंवा चावी ॲक्सेसरीवर आल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजला जोडा.

अँप्लिफायर बॉक्सच्या पाठीवर स्क्रूने ठोकू नका, थरथरीने आतले सांधे सुटतात. कार्पेटखालीही दडपू नका. सीटच्या पाठीला फळी लावून त्यावर, फिन्सभोवती चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा ठेवून बसवा.

लक्षणावरून दोष

ॲक्सिलरेटरबरोबर चढ-उतार होणारी शिट्टी ऐकू येत असेल तर आधी अर्थ तपासा, मग आरसीए वायर कुठून गेली आहे ते बघा. आरसीए अँप्लिफायरच्या टोकाला काढल्यावर शिट्टी थांबली तर ती सिग्नलमधून येते आहे. तरी थांबली नाही तर वीज किंवा अर्थमधून.

डिकी उघडल्यावर बेस छान आणि बंद केल्यावर पातळ वाटला तर बॉक्स फिरवून बघा. हॅचबॅकमध्ये वूफरचं तोंड मागच्या दाराकडे ठेवल्यावर बहुधा भरीव लागतो. सेडानच्या बंद डिकीत बेस अडकतो, तिथे मागच्या सीटची घडी करून ऐकून बघा.

खडखड येते ती वूफरची समजून परत नेऊ नका. नंबर प्लेट, डिकीचं प्लास्टिक, स्टेपनीचा बोल्ट, पार्सल ट्रे हे आधी हाताने दाबून बघा. नंबर प्लेटच्या मागे फोमची पट्टी आणि डिकीच्या दाराच्या आतल्या पत्र्यावर ब्युटाइल (डॅम्पिंग) शीटचे चार तुकडे पुरतात. सगळी गाडी मढवायची गरज नाही.

अर्ध्या तासाने सिस्टीम आपोआप बंद पडून थोड्या वेळाने पुन्हा सुरू होत असेल तर अँप्लिफायर तापतो आहे: ओहम कमी, हवा कमी, किंवा व्होल्टेज कमी. वाजत असताना त्याच्या टर्मिनलवर १२ व्होल्टच्या खाली आकडा गेला तर वायर आणि अर्थकडे वळा.

लाल प्रोटेक्ट दिवा लागला तर आधी वूफरच्या तारा काढून सुरू करा. दिवा गेला तर दोष वूफरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. बॉक्सच्या टर्मिनलवर एखादा सुटा धागा दुसऱ्याला चिकटलाय का बघा. गेला नाही तर आरसीए काढा. तरीही दिवा लालच राहिला तर फक्त प्लस, अर्थ आणि रिमोट जोडून शेवटचं एकदा बघा. एवढ्यावरही प्रोटेक्ट सुटला नाही तर आतले आउटपुट ट्रान्झिस्टर गेले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ते काम वायरमनचं नाही, बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचं आहे.